मसुदा असतानाच बोलायला हवे

सांगलीत आमचा शेंगदाणा चिक्की आणि राजगिऱ्याच्या लाडू-वड्यांचा छोटा कारखाना आहे. मार्केट यार्डातून गूळ येतो, घरामागच्या शेडमध्ये पाक होतो, चिक्की लाटून वड्या पाडल्या जातात आणि आसपासच्या बायका पॅकिंग करतात. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आमच्या प्रत्येक पाकिटावर असतो. नियम पाळायला आमची कधीच ना नव्हती. मात्र नियम ठरण्याआधी आपल्याला बोलता येते, हे आम्हाला 2022 पर्यंत कुणी सांगितले नव्हते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने एक मसुदा काढला. पाकीटबंद पदार्थांच्या दर्शनी बाजूला अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापायचे, म्हणजे पदार्थ आरोग्याला कितपत बरा हे गिऱ्हाइकाला एका नजरेत कळेल, अशी ती योजना होती. बाजारात मात्र वेगळेच पसरले. तारे नसलेला माल जप्त होणार, छोट्यांचे धंदे बंद पडणार, असे जो तो सांगू लागला. मूळ कागद कुणीच पाहिला नव्हता.

तो हिंदी आणि इंग्रजीत होता. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पुतणीला शेजारी बसवून मी तो ओळीओळीने वाचला. ऊर्जा, संपृक्त चरबी, एकूण साखर आणि सोडियम 100 ग्रॅममागे मोजायचे, त्यावरून तारे कमी होणार. फळे-भाज्या, दाणे, कडधान्ये, भरडधान्ये, तंतुमय घटक आणि प्रथिने असतील तर त्यांचा फायदा मिळणार. आणि अंतिम नियम झाल्यावरही पहिले 48 महिने हे ऐच्छिक राहणार होते. जप्तीची भीती तिथेच संपली. शेवटी हरकती आणि सूचनांसाठी 60 दिवसांची मुदत दिली होती.

ते 60 दिवस आमच्यासाठी सर्वांत अवघड होते. नवरात्रात उपवासाच्या राजगिरा लाडवांची मागणी, मागोमाग दिवाळी. तरी ओळखीच्या काही उत्पादकांना मी घरी बोलावले. एक जुने व्यापारी म्हणाले, ‘‘ताई, सरकारला करायचं ते सरकार करतंच. आपण लिहून काय होतंय?’’ मी त्यांना म्हटले, ‘‘काका, अन्नसुरक्षा कायद्यातच लिहिलंय की विनियम करण्याआधी ते प्रसिद्ध करावे लागतात. आलेल्या हरकती विचारात घेणं बंधनकारक आहे. आपण लिहिलंच नाही, तर विचार कशाचा करणार?’’

मग काय लिहायचे यावर वाद झाला. बऱ्याच जणांचे म्हणणे होते की ‘हा नियम रद्द करा’ एवढेच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मला ते पटले नाही. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. पाकिटामागची बारीक अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. समोर ठळक काही छापले तर त्यांच्यासारख्या लाखो लोकांची सोय होईल. दुसरी मागणी आली की गूळ साखरेत धरू नये. त्यालाही मी ठाम नकार दिला. गुळानेही सासूबाईंची साखर वाढते, हे मी घरात पाहिले आहे. चिक्कीला तारे कमी पडणार असतील तर ते खरेच आहे. जे खोटे आहे ते सरकारला लिहिले, तर आपले खरे मुद्देही कुणी मानणार नाही.

खरे मुद्दे मात्र होते. पहिला राजगिऱ्याचा. मसुद्यात भरडधान्यांना फायदा होता, पण राजगिरा त्यात धरायचा की नाही हे आम्हाला स्पष्ट दिसले नाही. केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी यांना पौष्टिक तृणधान्ये म्हणून घोषित केले, तेव्हा त्या यादीत राजगिराही होता. ती अधिसूचना जोडून आम्ही मागितले की इथेही राजगिऱ्याचे नाव लिहावे. दुसरा मुद्दा तपासणीचा. मोठी कंपनी एकदा प्रयोगशाळेचा खर्च करते आणि तो लाखो पाकिटांवर वाटला जातो. आमच्याकडे शेंगदाणा, तीळ, खोबरे, राजगिरा असे प्रकार अनेक आणि प्रत्येकाचा माल थोडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची अन्नघटकांची कोष्टके आहेत. छोट्या उत्पादकाने त्यांवरून केलेला हिशेब तारे ठरवताना मान्य होईल, असे नियमातच लिहावे, ही आमची सूचना होती. तिसरा मुद्दा पाकिटांचा. छापील पाऊचसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि छापणारा थोडा माल छापत नाही. म्हणून जुना साठा संपेपर्यंत ताऱ्यांचे स्टिकर चिकटवायला परवानगी मागितली.

कलम कोणते, आमची सूचना काय आणि तिचे कारण काय, असे तीन रकाने करून पत्र तयार झाले. सोबत कच्च्या मालाची बिले आणि छपाईवाल्याचे दरपत्रक जोडले. मुदतीच्या आत ते नवी दिल्लीला गेले. ‘लिहून काय होतंय’ म्हणणाऱ्या काकांनी सर्वांत आधी सही केली.

त्या मसुद्यावर देशभरातून 14 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर तज्ज्ञ समितीच्या शिफारशी तीन महिन्यांत द्यायला सांगितल्या. आमच्या पत्राने काय बदलले हे मी सांगू शकत नाही आणि तसा दावाही करणार नाही. पण सिलिंडरचा खर्च किंवा एका घाण्यात किती माल निघतो, हे दिल्लीतल्या अधिकाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. छोट्या माणसाच्या हरकतीची किंमत याच माहितीत असते. नुसता विरोध कुणीही लिहू शकतो.

सरकारकडेही एक मागणी आहे. केंद्राच्या 2014 च्या धोरणात प्रस्तावित कायदे आणि नियमांचे मसुदे किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावेत, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे, असे म्हटले आहे. 2020 मध्ये पर्यावरणविषयक एका मसुद्याचे भाषांतर 22 भाषांत करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. मग पापड, लोणची, चिक्की करणाऱ्यांवर परिणाम करणारा मसुदा मराठीत का मिळू नये? जिल्हा उद्योग केंद्रात आणि बाजार समितीच्या फलकावर त्याची प्रत लागली, तरी पुष्कळ काम होईल.

आणि माझ्यासारख्या छोट्या उद्योजकांना एवढेच सांगते: अफवेवर थांबू नका, मूळ कागद मिळवा. तुमच्या धंद्याला लागू होणारी कलमे शोधा, खरे तेवढेच लिहा, पुरावा जोडा, पर्याय सुचवा आणि मुदतीच्या आत पाठवा. नियम झाल्यावर फक्त पाळणे हाती उरते. बोलायची वेळ मसुद्याची असते.