नदीची पत तपासताना

४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्वाडालुपे नदी वरच्या खोऱ्यात पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत उन्हाळी शिबिरास आलेल्या लहान मुलीही होत्या. ही बातमी आली तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. काही वर्षांपूर्वी याच नदीच्या खालच्या भागात नातवंडांसह पाण्यात उतरण्याचा बेत आम्ही केला होता. तो बेत कसा बदलला, ते मुलाबाळांना घेऊन सहलीस जाणाऱ्या वाचकांना सांगावेसे वाटते.

माझा मुलगा ऑस्टिनला असतो. तिकडे उन्हाळ्यात हवा भरलेल्या मोठ्या ट्यूबमध्ये बसून नदीच्या प्रवाहाबरोबर दोन-तीन तास वाहत जाण्याची रीत आहे. नात तेव्हा दहा वर्षांची होती, नातू सहा वर्षांचा. बेत ऐकून मी म्हणालो, “तुम्ही जा, मी काठावर बसतो.” मुलगा शांतपणे म्हणाला, “अण्णा, तुम्ही आयुष्यभर काठावर बसलात आणि मलाही बसवलंत.”

तो खोटे बोलत नव्हता. मी सातवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन कृष्णेत उतरला. ट्यूब पुढच्या घाटाला लागली. तो लागला नाही. पुढे मी बाप झालो तेव्हा मुलाला नदीच काय, तरणतलावही बंद केला. त्यामुळे चाळिशीला आलेल्या माझ्या मुलाला पोहता येत नव्हते आणि तो आपल्या मुलांना पाण्यात नेण्यास निघाला होता. माझी भीती त्याला वारशाने मिळाली होती. पोहण्याची विद्या मात्र मिळाली नव्हती.

रात्रभर विचार करून सकाळी मी म्हणालो, “मी येतो. पण नदी मी निवडणार.” पस्तीस वर्षे मी बँकेत कर्जप्रकरणे तपासली. अर्जदार गोड बोलतो म्हणून कर्ज मंजूर होत नसते; मागचे ताळेबंद पाहावे लागतात, तारण पाहावे लागते. नदीचेही तसेच करायचे ठरवले.

पर्याय दोन होते. दोन्ही नद्या ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावरील न्यू ब्राउनफेल्स या गावी भेटतात. पहिली ग्वाडालुपे. तिच्यावर गावाच्या वर कॅनियन धरण आहे आणि खालच्या भागातले पाणी त्या धरणातून सोडले जाते. पाणी तळाकडून येत असल्याने भर उन्हाळ्यातही थंडगार. पात्रात सुरूसारखे उंच वृक्ष, मधूनमधून खडकांवरून उसळणारे पाणी. नातीला हीच नदी हवी होती. दुसरी कोमाल. ती जेमतेम चार-पाच किलोमीटर लांबीची. गावातल्याच झऱ्यांतून उगम पावते आणि गावातच ग्वाडालुपेला मिळते. झऱ्यांचे पाणी असल्याने बारा महिने सुमारे २१ ते २३ अंश तापमान.

अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते नद्यांच्या प्रवाहाचे आकडे दिवसभर प्रसिद्ध करीत असते. एकक पाहिले आणि हायसे वाटले. सेकंदाला घनफूट, म्हणजे आपला क्युसेक. कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर गेले, हे पाहूनच सांगलीचा व्यापारी पावसाळ्यात दुकानातला माल वर हलवतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, ही आमची बाराखडी. आलेखावरून ध्यानात आले की ग्वाडालुपेचा प्रवाह धरणाच्या विसर्गाप्रमाणे चढतो-उतरतो. कोमालचा आलेख त्या मानाने सपाट होता. पाऊस तिलाही फुगवतो; पण आकाश निरभ्र असेल तर तिचा भरवसा अधिक.

मग तारण पाहिले. कोमालच्या काठावर बाहेर पडण्यास पायऱ्या आहेत. मूल घाबरले, थकले तर मध्येच थांबता येते. शनिवारी दुपारी तिथे गर्दी आणि मद्यपान फार, म्हणून रविवारची सकाळ निवडली. प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट. नातवाचे हात वर करून त्याचे जाकीट खांद्यांना धरून वर ओढून पाहिले. ते हनुवटीपर्यंत सरकले, म्हणून लहान मापाचे घेतले. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबायचे नाही आणि मुलाला दोरीने ट्यूबला बांधायचे नाही, हेही ठरले. ट्यूब अडकली किंवा उलटली तर तीच दोरी घात करते.

नात आदल्या दिवशी रुसली होती. पाण्यात उतरल्यावर पहिल्या वळणालाच रुसवा गेला. तळ दिसेल इतके स्वच्छ पाणी, त्यात कासवे. मी ट्यूबच्या कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की बोटे दुखू लागली. तासाभराने नातू म्हणाला, “आजोबा, हात सोडा ना.” मी एक हात सोडला. दुसरा शेवटपर्यंत सोडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

परत येताना गाडीत मी मुलाला म्हणालो, “तुला पोहू दिलं नाही, ही माझी चूक झाली. आता तू शीक.” तो काही बोलला नाही, पण पुढच्या महिन्यात त्याने शिकवणी लावली. माझे शिकणे मात्र राहून गेले.

मोठ्या पुरानंतर मुलाने विचारले, “तुम्हाला आधीच कळलं होतं का?” मुळीच नाही. तो पूर वरच्या खोऱ्यातला, पहाटेच्या पावसाचा. आमच्या त्या रविवारी ग्वाडालुपेही कदाचित शांतच वाहिली असती. कर्ज बुडाले नाही म्हणून तपासणी वाया गेली, असे बँकेत कोणी म्हणत नाही.

हल्ली पावसाळ्यात नातीचा फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, पहिला प्रश्न ठरलेला, “आजोबा, आयर्विनला किती फूट?”