खडूच्या डोंगरांवरील वाट

वाटेलाही कायद्याने हक्क असू शकतो, ही गोष्ट आम्हांला प्रथम इंग्लंडमध्ये उमगली. तेथे एखाद्या शेतातून वा मेंढ्यांच्या कुरणातून लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आले असतील, तर जमीन मालकाची असली तरी वाट लोकांची राहते. अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे काम १९४९ च्या कायद्याने स्थानिक मंडळांवर सोपविले. वाटांच्या जातीही ठरलेल्या आहेत. पिवळा बाण असेल तर ती केवळ पायी चालणाऱ्यांची. निळा बाण असेल तर ती घोडेवाट. १९६८ च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’ने या घोडेवाटेवर सायकलस्वारालाही प्रवेश दिला, मात्र एक अट घातली: पादचारी आणि घोडेस्वार यांना त्याने वाट करून द्यावी. कायद्याच्या पुस्तकात इतके सौजन्य क्वचितच आढळते! अर्थात सायकलस्वाराच्या वाट्याला फार काही आलेले नाही. इंग्लंडमधील अशा सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा त्याला खुला आहे.

आमच्या लहानपणी वसईच्या वाड्यांतून, केळीच्या बागांच्या कडेकडेने, विहिरीजवळून चर्चपर्यंत जाणाऱ्या अशाच वाटा होत्या. त्यांना बाण नव्हते, नकाशा नव्हता. आज त्यांतील बहुतेक कंपाउंडच्या भिंतींखाली गेल्या आहेत. असो.

२०२३ च्या उन्हाळ्यात दक्षिण इंग्लंडमधील एका धर्मग्रामात सुट्टीवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही सहा आठवडे काम केले. तेथे मिस्सेनंतर एक तरुण भेटला. आमच्याच भागातला, गेली काही वर्षे तिकडे परिचारकाची नोकरी करणारा. मिस्सेला तो नियमित येत असे, परंतु अगदी शेवटच्या बाकावर बसे आणि अखेरचे गीत सुरू होण्यापूर्वीच निघून जाई. एकदा आम्ही त्याला दारातच गाठले, तेव्हा तो म्हणाला, “फादर, सायकल चालवता का?” या प्रश्नाने आम्हांला हसू आले. सेमिनरीतील सुट्ट्या संपल्यापासून आमचा आणि सायकलीचा संबंध सुटला नव्हता. येथे आजही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यास आम्ही सायकलवरूनच जातो.

त्याच्या सायकलीला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर चाळीस मिलिमीटरहून रुंद, गिअर चढासाठी खूप हलके आणि ब्रेक चाकाच्या मध्यावरील चकतीवर लागणारे. टायरमध्ये ट्यूब नसते. आत एक चिकट द्रव असतो, जो लहानसहान भोक आपोआप बुजवितो. नाव अमेरिकेतून आले, खडीच्या लांबलचक रस्त्यांवरून. इंग्लंडमध्ये तशी खडी फारशी नाहीच. आहे ती माती, गवत आणि जुन्या गाडीवाटा. शिवाय हा छंद तेथे नवा नाही. वाईट वाटांवर मुद्दाम सायकल चालविणाऱ्यांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ १९५५ साली लेमस्टर येथे स्थापन झाली, आणि ती मंडळी साध्या सायकलीच वापरीत. त्यामुळे दुकानदार सांगतात तितका यंत्राचा महिमा आम्हांला पटत नाही. रुंद टायर मात्र हवेतच. आम्ही भाड्याची सायकल घेतली आणि चार दिवसांची रजा मागितली.

मार्ग होता ‘साउथ डाउन्स वे’. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत सुमारे १६० किलोमीटर. १९७२ मध्ये तो खुला झाला तेव्हा इंग्लंडमधला घोडेवाटेचा पहिला राष्ट्रीय मार्ग होता. विंचेस्टरपर्यंत तो पुढे वाढविण्यात आला. निघण्यापूर्वी आम्ही विंचेस्टरच्या सेंट क्रॉस येथील आश्रमशाळेत गेलो. बाराव्या शतकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा यांनी स्थापिलेल्या या संस्थेत वाटसरूने मागितल्यास त्याला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यातून घोटभर बिअर आजही मिळते. आम्ही मागितली. न मागता निघून जाणे हा यजमानांचा अपमान ठरला असता, असे आमचे मत आहे.

डाउन्स म्हणजे उतार नव्हे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच टेकडी असा होता, आणि गुडघ्यांना तो लवकर कळतो. उंची फारशी नाही. बटसर हिल सुमारे २७० मीटर, डिचलिंग बीकन २४८. परंतु प्रत्येक नदीने ही डोंगररांग कापलेली असल्याने वाट खोऱ्यात उतरते आणि पुन्हा चढते. मीऑन, अरुन, अडूर, ऊझ, ककमीअर अशी पाच वेळा ती परीक्षा होते. आमचा शिरस्ता साधा होता: दम लागला की उतरायचे आणि सायकल ढकलीत न्यायची. तरुणाने एकदाही पुढे जाऊन वाट पाहिली नाही. तोही उतरून बरोबर चालू लागे.

हे डोंगर खडूचे. आपण फळ्यावर लिहीत आलो तसलाच पांढरा मऊ दगड, समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेला. तो पाणी धरीत नाही, त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. मेंढपाळांनी गुरांसाठी माती ठासून तळी केली. आजच्या वाटसरूसाठी ठिकठिकाणी नळ बसविले आहेत. पाऊस पडला की हा खडू साबणासारखा निसरडा होतो, आणि त्यातील गारगोट्यांच्या धारदार कडा टायर चिरतात. आमच्या सुदैवाने वाट कोरडी होती. दोघांचेही कपडे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. फाटकांना लांब दांडा असतो, घोड्यावरून न उतरता उघडता यावे म्हणून. फाटक जसे सापडले तसेच सोडायचे, हा तिथला नियम.

बिग्नोर टेकडीवर एका लाकडी खांबावर गावांची नावे लॅटिनमध्ये लिहिलेली आढळली: लोंडिनियम, नोव्हिओमागुस. चिचेस्टरहून लंडनला जाणारा रोमन रस्ता येथे ही वाट ओलांडतो. सेमिनरीत घोकलेले लॅटिन अखेर एका चौरस्त्यावर कामी आले!

या डोंगरांखालच्या प्रदेशातच संत रिचर्ड पायी फिरले. १२४५ मध्ये त्यांना चिचेस्टरचे बिशप म्हणून अभिषेक झाला, परंतु राजा तिसरा हेन्री याने त्यांची निवड मान्य केली नाही आणि धर्मप्रांताचे उत्पन्न अडविले. सुमारे दोन वर्षे हा बिशप आपल्याच धर्मप्रांतात बेघर होता. टॅरिंग येथील एका धर्मगुरूंनी त्यांना आसरा दिला, आणि तेथून ते गावोगावी चालत जात. त्यांच्या मृत्यूनंतर नऊच वर्षांनी, १२६२ मध्ये, त्यांना संतपद मिळाले. १५३८ मध्ये राजाज्ञेने त्यांची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. राजवाड्यात राहणाऱ्या बिशपांपेक्षा हा चालणारा बिशप ससेक्सच्या लोकांच्या अधिक स्मरणात राहिला आहे.

तिसऱ्या दिवशी ‘डेव्हिल्स डाइक’ला पोहोचलो. सुमारे शंभर मीटर खोल अशी ही कोरडी दरी. भूशास्त्रज्ञ सांगतात की हिमयुगाच्या अखेरीस विरघळत्या बर्फाने आणि घसरत्या चिखलाने ती कोरली. लोककथा निराळी आहे. ससेक्समधील वाढत्या चर्चेसचा संताप येऊन सैतान एका रात्रीत समुद्रापर्यंत चर खणू लागला. पाणी आत घेऊन सारी चर्चेस बुडवायची होती. एका म्हातारीने खिडकीत मेणबत्ती लावली आणि कोंबड्याला जागे केले. तो आरवला, सैतानाला पहाट झाली असे वाटले आणि तो काम अर्धवट टाकून पळाला.

कथा ऐकून तरुण हसला नाही. दरीच्या काठावर गवतात बसून तो बोलू लागला. पुढील मजकूर त्याच्या अनुमतीनेच लिहीत आहोत.

त्याचे वडील एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. त्या दिवसांत त्याचे येणे होऊ शकले नाही. दफनविधी त्याने वॉर्डच्या मागच्या जिन्यात बसून मोबाइलवर पाहिला. “शवपेटी खाली सोडू लागले, फादर, आणि मी फोन बंद केला. आईला सांगितले, नेटवर्क गेले होते. ती अजून म्हणते, बिचाऱ्याला शेवटची माती पाहायला मिळाली नाही. दर वेळी म्हणते.” दोन वर्षे तो रोज इतरांच्या मृत्यूशेजारी उभा राहत होता आणि हे एक वाक्य कोणाजवळ बोलू शकला नव्हता. शेवटच्या गीतापूर्वी तो का निघून जाई, तेही मग कळले. ते गीत वडिलांच्या आवडीचे नव्हते, की दुःखाचे नव्हते. दारात लोक घरची विचारपूस करतात, एवढेच त्याला टाळायचे होते.

आम्ही उपदेश केला नाही. त्यांच्या वडिलांविषयी विचारले. ते पहाटे केळीचे घड सायकलच्या कॅरिअरला बांधून स्टेशनवर नेत; त्याच सायकलच्या दांडीवर बसून हा शाळेत गेला होता. मग पुढे डिचलिंगपर्यंत तो वडिलांविषयीच बोलत राहिला, आणि चढावरही त्याला दम लागला नाही. आम्हांला मात्र लागला.

अखेरच्या दिवशी आल्फ्रिस्टनहून समुद्रकाठचे पांढरे कडे आम्हांला सोडावे लागले, कारण ती वाट पायी चालणाऱ्यांची. घोडेवाट आतून, विंडोव्हर टेकडीवरून जेव्हिंग्टनला जाते आणि ईस्टबोर्नमध्ये ‘पॅरडाइज ड्राइव्ह’ नावाच्या रस्त्यावर संपते. नावावर आम्ही दोघांनीही काही बोललो नाही. दोघांनाही भूक लागली होती.

स्टेशनवर त्याने आईला फोन लावला. आम्ही सायकली घेऊन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. एक गाडी सुटली, दुसरी आली. तो परतला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, “आईला माहीत होते. आतेभावाने त्याच दिवशी सांगितले होते तिला. मी सांगेन म्हणून थांबली होती.” थोड्या वेळाने म्हणाला, “पप्पांची सायकल अजून ओटीवर आहे. तुम्ही गेलात की बघाल का, फादर?”

वसईला परतल्यावर आम्ही पाहिली. चेन गंजली आहे, पण सांगाडा शाबूत आहे. मागचे टायर पार गेले होते. अठ्ठावीस इंची टायर आता दुकानात सहजी नसते, तरी होळीजवळच्या दुकानदाराने दोन दिवसांत मागवून दिले. हवा त्याच्या आईनेच भरली.