डिफॉल्टचा फंडा

परवा आईला नवा अँड्रॉइड फोन घेतला. रविवारी दुपारी घरी जाऊन सेट करून देत होते. स्क्रीन उजळली आणि आईचा पहिला प्रश्न, "अगं, यात आधीच एवढं काय काय भरलंय?"

"ते फोनसोबतच येतं गं."

"मी कुठे मागितलं होतं? म्हणजे बिल्डरने फ्लॅटला स्वतःच्याच आवडीचे पडदे लावून द्यायचे, आणि वर म्हणायचं, काढायचे नाहीत!"

आई रॉक्स! तिला कल्पना नसेल, पण नेमक्या याच प्रश्नावरून आपल्याकडे भलीमोठी केस झालीय. एका स्टोरीसाठी मी तिचा निकाल वाचला होता. (आईला वाटतं, मी फक्त हॉटेलांबद्दल लिहिते.) तिघा जणांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये गुगलची चौकशी लावली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोकला. तेव्हाचा फंडा असा होता, की अँड्रॉइड फुकट. पण फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल, तर सर्च, क्रोम, यूट्यूब अशी अख्खी थाळीच घ्यावी लागायची. एक वाटी चालायची नाही. आणि प्ले स्टोअर नसलेला फोन आपल्याकडे विकत कोण घेणार, सांगा?

गंमत म्हणजे २००२ च्या स्पर्धा कायद्यात मोठं असणं बेकायदा नाहीच. व्हा की मोठे! त्या मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवलीत, तर मात्र पकडले जाल.

"मग आता काढता येतात का पडदे?" आईचं लक्ष तिथेच.

तिथेच तर गोची आहे. गुगल अपिलात गेलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. आधीपासून टाकलेली अ‍ॅप्स लोकांना काढू द्या, हा त्यातलाच एक.

"म्हणजे जिंकलं कोण?"

मी म्हटलं, थांब, एक गोष्ट मिळालीय. आयोगाच्या निकालानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने जाहीर केलं, की भारतात नवा फोन सेट करताना सर्च इंजिन कुठलं हवं ते विचारलं जाईल. बोलता बोलता ती यादी समोर आलीसुद्धा. चार-पाच नावं. माझा अंगठा सवयीने नेहमीच्या नावावर पडला आणि पुढचा स्क्रीन आला.

"बाकीची कशी होती?"

काय सांगणार? इतक्या वर्षांत मी त्यातलं एकही उघडून बघितलं नव्हतं. निकाल वाचूनही.

"आणि फोन कुणाचा? मला विचारलंस?"

सॉलिड ओशाळले. ती यादी सेटिंग्जमधून पुन्हा शोधून काढायला मला दहा मिनिटं लागली. तोवर आई शेजारी चष्मा लावून बसून होती.