फणस, मेण आणि वॅट

तंजावरात वीणा बघायला गेलं की आधी नक्षी दाखवतात. कडांना पांढऱ्या पट्ट्या, तबलीवर गोल जाळ्या, टोकाला डोळे वटारलेली याळी, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी. पूर्वी हे काम हस्तिदंतात आणि हरणाच्या शिंगात व्हायचं, आता प्लास्टिकात होतं. आवाजाशी त्याचा काडीचा संबंध नाही, किमतीशी मात्र मोठा आहे. शिकाऊ मुलीसाठी वीणा घेणाऱ्याने पहिली बचत इथेच करावी. साधी दाखवा म्हणावं.

*

अखंड ओंडक्यातून कोरलेली ती एकांड वीणा. घट, दांडी आणि याळीचं डोकं वेगवेगळं करून सांधलेली ती जोड वीणा. लाकूड दोन्हींना फणसाचं, बरंचसं पणरुट्टीकडून आलेलं. एकांडाला मान जास्त, पैसेही जास्त. सांधा नाही म्हणून नाद मोकळा पसरतो, असं वाजवणारे सांगतात. असेलही. पण वाकलेल्या एकांडापेक्षा सरळ दांडीची जोड वीणा कितीतरी बरी, आणि ओंडका नीट मुरला नसेल तर त्याला वाकायला अखंडपणा आडवा येत नाही. एक डोळा मिटून दांडीच्या कडेवरून नजर फिरवावी. गिटारच्या मानेलाही हीच परीक्षा.

*

तंजावर वीणेला भौगोलिक मानांकन २०१३ मध्ये मिळालं, आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये. तो शिक्का गावाच्या नावाची राखण करतो. समोरच्या दांडीला पीळ आहे की नाही, ते आपणच बघायचं.

*

पडद्यांवर मात्र वेळ घालवावा. वीणेला २४ पडदे. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. कारखान्यात ठोकताना चूक झाली की ती बहुधा गिटारबरोबरच जुनी होते. वीणेचे पडदे मेणात कोळशाची पूड कालवून केलेल्या काळ्या पट्टीवर बसवतात, त्या वीणेच्या तारा कानाने तपासत, एकेक स्वर लावत. याला इथे मेळम म्हणतात. गिऱ्हाईक पैसे देतं ते खरं या कानाचे. २४ स्थिर पडद्यांचं श्रेय सतराव्या शतकातला तंजावरचा राजा रघुनाथ नायक याला देतात. तंजावरात मराठे आले ते त्यानंतर, १६७६ च्या सुमारास.

तपासणी अशी: तार मोकळी छेडावी, मग बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. बरोबर तोच स्वर वरच्या सप्तकात लागला पाहिजे. हेच वाजवायच्या चारही तारांवर करावं. एका तारेवर बरोबर आणि पलीकडच्या तारेवर चढा लागला, तर पडदा तिरका बसला असावा किंवा तार खराब असावी. आधी तार बदलायला सांगा. मग एकेक पडदा चढत जा आणि कुठे तार पुढच्या पडद्याला घासून खरखरते का ते ऐका. विकणारा नेहमी मधल्या सप्तकातलं काहीतरी सुंदर वाजवून दाखवतो. ते ऐकून मान डोलवावी आणि मग वरच्या आठ पडद्यांकडे वळावं.

नंतर तार ओढून बघायची. वीणेवर गमक निघतं ते एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून. दोन-तीन स्वर वर न्यावे लागतात. ओढताना आवाज मध्येच मेला किंवा पडदा हलला, तर मेण कच्चं. हा दोष दुरुस्त होतो, पण खर्च आधीच किमतीतून वजा करून घ्यावा.

*

स्वस्त गिटारबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. जाणकार म्हणतात, वरची फळी सलग लाकडाची हवी, प्लायची नको. आवाजापुरतं ते खरं आहे. पण कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमीचा पाऊस, मग एप्रिल-मेचा रखरखाट. सलग फळी अशा हवेत फुगते, आक्रसते, कधी तडकते. प्लाय तिथल्या तिथे राहतं. कोकणातल्या माणसानेही प्लायचीच घ्यावी. बाराव्या पडद्यावर जाड तार दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा फार उंच नको. तीन-चार असेल तर मुलगा महिनाभर बोटं दुखवून घेतो आणि गिटार कपाटावर जाते. दोष मुलाला देतात.

*

तंजावरचे मराठे राजे शाहजी, तुळजा, सरफोजी हे सगळे संगीतवेडे. सरफोजी दुसऱ्याने पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला. त्याच्या दरबारातल्या ‘तंजावर चौघे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भावांपैकी वडिवेलूने व्हायोलिन हाती घेतलं आणि पुढे त्रावणकोरात १८३४ साली राजा स्वाती तिरुनाळकडून हस्तिदंती व्हायोलिन मिळवलं. राजाकडून मिळालं तर हस्तिदंती घ्यावं. स्वतःच्या पैशाने घेताना फणसाचं लाकूड बघावं.

*

आता ॲम्प्लिफायर. वीणेचा आवाज खोलीपुरता. सभागृहात तो पोचवायला दोन मार्ग: अंगाला चिकटवायचा काँटॅक्ट माइक किंवा तारांखाली बसवायचा चुंबकी पिकअप. चुंबकी पिकअपला फक्त लोखंड-पोलाद कळतं. मंद्र आणि अनुमंद्र तारा पितळी असतील तर वरच्या दोन तारा खणखणीत आणि खालच्या दोन जवळजवळ मुक्या. लोक ॲम्पला नावं ठेवतात. खिशात लहानसं लोहचुंबक असावं. जी तार त्याला ओढली जात नाही तिथे पोलादी गाभ्याची तार चढवून घ्यावी.

काँटॅक्ट माइकची तऱ्हा वेगळी. त्याला मेगाओमच्या घरातला इनपुट लागतो. तो थेट लाउडस्पीकरवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसला की खर्ज गळतो आणि वीणा पत्र्यासारखी वाजते. मध्ये छोटा प्रीॲम्प ठेवला की निम्मं दुखणं जातं. हा डबा ॲम्पपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो, म्हणूनच बहुधा कोणी तो सुचवत नाही.

*

‘आयिरम वॅट, सार!’ हजार वॅट. दुकानदाराने दाखवलेल्या ॲम्पच्या खोक्यावर तसं छापलेलंही होतं, बारीक अक्षरात पीएमपीओ. तो क्षणिक शिखराचा आकडा विसरावा, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारावा. तोही दुप्पट झाला तर आवाज वाढतो तीन डेसिबल, जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. घरी शिकायला १० वॅट पुष्कळ झाले; पैसे मोठ्या स्पीकरवर आणि जाड लाकडी पेटीवर घालावेत.

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प वीणेला घेऊ नये. त्याचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही सोडत नाही, आणि वीणेच्या तारेची चकाकी तिथेच असते. ट्वीटर असलेला कीबोर्ड ॲम्प किंवा अकूस्टिक ॲम्प बघावा.

दुकानातच वाद्य न जोडता आवाज पूर्ण चढवा आणि ऐका. थोडी फुसफुस चालेल. जाड गुणगुण असेल तर तीन पिनांच्या, खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटवर पुन्हा लावून बघा. तरी राहिली तर ठेवून या. अर्थिंगची पिन कापून दोन पिनांवर चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पोलादी तारांवर बोटं तुमच्या मुलीची असतात.

*

यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी मँडोलिन निवडलं ते विजेचं, पाच एकेरी तारांचं. ॲम्पने नुसता आवाज मोठा होत नाही, स्वर लांब टिकतो, गमकाला जागा मिळते. वीणेवर तो टिकाव मुळात फणसातून आणि घोडीवरच्या धातूच्या पट्टीतून येतो. म्हणून सगळं बजेट एकदम संपवू नये. आधी वीणा घ्यावी, ॲम्प वर्षभराने.

*

पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांसाठी एक सूचना. मेळम कायमचं नसतं. उन्हाने मेण ढिलं पडतं, काही वर्षांनी पडदे पुन्हा बसवावे लागतात, आणि सतारीचा कारागीर ते करेलच असं नाही. बंद गाडीत उन्हात वीणा ठेवू नका. आणि तुमच्या गावात किंवा जवळपास मेळम करणारा कोण आहे, हे कळल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.