तेजो नदीकाठचे नगर

लिस्बन हे नगर ज्याला एकाच दिवसात पाहावयाचे असेल त्याने आपला आरंभ नगराच्या मध्यभागी न करता पश्चिमेकडे, तेजो नदी जेथे सागराला मिळण्याच्या बेतात आहे अशा बेलेम या भागी करावा. कारण या नगराचे वैभव आणि त्या वैभवाला चिकटलेले पुष्कळसे पाप ही दोन्ही याच पाण्यावरून आत आली. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते येथूनच निघाली. सकाळच्या कोवळ्या उन्हात नदीचे पात्र इतके रुंद, इतके शांत दिसते की चौल, वसई, गोवे या आपल्या बंदरांचे भवितव्य या पाण्याने शतकानुशतके फिरविले, हे मनाला प्रयत्नाने पटवून द्यावे लागते.

नदीपासून हाकेच्या अंतरावर जेरोनिमोसचा मठ उभा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल याने त्याचे बांधकाम सुरू केले, आणि पुढे जवळजवळ शतकभर ते चालू राहिले. फिक्कट सोनेरी पाषाणात कोरलेले दोरखंड, पोवळी, सागरी वनस्पती आणि आकाशगोल यांनी तेथील कमानी अशा काही व्यापून गेल्या आहेत की समुद्र ओसरून गेला आणि आपले सारे सामान भिंतींवर ठेवून गेला असे वाटावे. मठाच्या चौकातील दुमजली ओवऱ्यांतून मी पुष्कळ वेळ फिरलो. युरोपातील शिल्प मी जे काही पाहिले आहे त्यात इतके प्रसन्न, इतके निःसंकोच शिल्प दुसरे पाहिल्याचे मला स्मरत नाही. तथापि या बांधकामाचा मोठा खर्च आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या व्यापारावर बसविलेल्या शेकडा ५ च्या जकातीतून भागला, ही गोष्ट आपल्याकडील प्रवाशाला विसरता येत नाही. त्या काळी कोकण-मलबारच्या नाखव्यांना आपल्याच समुद्रात पोर्तुगीजांचा परवाना घेऊन गलबत हाकारावे लागे; परवाना नसेल तर माल आणि गलबत दोन्ही जप्त होत. त्या नाखव्यांची नावे येथील कोणत्याही स्तंभावर नाहीत. आत शिरताच मात्र एका बाजूस गामाची आणि दुसऱ्या बाजूस कामोइन्श या महाकवीची समाधी आहे. पहिला १५२४ मध्ये कोचीनला वारला, आणि दुसऱ्याने आयुष्यातील काही वर्षे गोव्यात काढली. मुख्य वेदीपाशी पोर्तुगालच्या राजांच्या शवपेटिका संगमरवरी हत्तींनी पाठीवर तोलून धरल्या आहेत. ते हत्ती पाहून माझे पाऊल पुढे पडेना. विजयाची याहून मूक आणि याहून स्पष्ट कबुली मी कोठे वाचली नाही.

पुढे नदीतच पाय रोवून उभा असलेला बेलेमचा बुरूज लागतो. त्याच्या एका मनोऱ्याच्या तळाशी झिजलेले गेंड्याचे मस्तक आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला नजर केलेला गेंडा गोव्याहून गलबतात चढविला गेला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनच्या धक्क्यावर उतरला. राजाने तो पुढे पोपकडे नजराणा म्हणून रवाना केला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून तो मुका जीव बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने त्याला न पाहताच केलेले त्याचे चित्र जगभर गेले. जवळच शोधयात्रांचे १९६० साली उभारलेले ५२ मीटर उंचीचे स्मारक आहे. ते आकाराने मोठे आणि आशयाने दरिद्री असल्याने त्यापाशी वेळ दवडण्याचे कारण नाही.

ट्रामने नगराच्या मध्यभागी येऊन नदीकाठच्या त्या विशाल चौकात उभे राहिले म्हणजे दुसरेच लिस्बन सुरू होते. लोक आजही या चौकाला ‘राजवाड्याचे पटांगण’ याच अर्थाच्या जुन्या नावाने ओळखतात. राजवाडा मात्र १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी गेला. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस. चर्चमधून मेणबत्त्या तेवत होत्या आणि माणसे प्रार्थनेला जमली होती, अशा वेळी धरणी हादरली. जे धावत मोकळ्या काठावर आले त्यांच्यावर नदी लाटांनी चालून आली. आणि मागे उरले ते कित्येक दिवस अग्नीने खाल्ले. राजवाड्याचे ग्रंथालय गेले, भारताच्या व्यापाराचा कारभार पाहणारी कचेरी आपल्या दप्तरासह गेली. राजा जोझे याला त्यानंतर पक्क्या छताखाली निजण्याचे भय वाटे, म्हणून त्याचा दरबार लाकडी वाड्यात भरू लागला. पण त्याचा दिवाण, जो पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, तो डगमगला नाही. करड्या हाताचा, प्रसंगी क्रूर असा हा मुत्सद्दी होता. त्याने परगण्या-परगण्यांतील धर्मगुरूंकडे प्रश्नावली धाडली: धक्का किती वेळ टिकला, पाणी किती चढले, माणसे किती दगावली. आपत्तीला उत्तर म्हणून प्रश्न विचारणारा हा कारभारी मला त्याच्या सर्व दोषांसह आदरणीय वाटतो. त्याच्या देखरेखीखाली उठलेल्या सरळ, काटकोनी रस्त्यांच्या घरांतून भिंतींच्या पोटात लाकडी चौकटींचा पिंजरा घातलेला आहे, तो पुन्हा धरणी हलली तर घराने लवावे पण कोसळू नये म्हणून. सोनारांचा रस्ता, रुपेकारांचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी त्यांची नावे वाचताना पुण्याची तांबट आळी आठवते.

चौकाच्या मागील टेकाडावर कार्मोचा मठ आहे. भूकंपात त्याचे छप्पर कोसळले, आणि ते पुन्हा घातले गेले नाही. निळ्या आकाशाखाली नुसत्या कमानींच्या फासळ्या उभ्या आहेत आणि जेथे भाविक गुडघे टेकीत तेथे हिरवळ वाढली आहे. वसईच्या किल्ल्यातील ओस चर्चमधून जो कोणी फिरला आहे त्याला येथे परकेपणा वाटणार नाही. मठाला लागूनच सैनिकी ठाणे आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो बंडखोर सैनिकांना तेथेच शरण आला, जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला झालेल्या तहनाम्याने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले.

दिवस कलता कलता आल्फामाच्या अरुंद, वळणदार गल्ल्यांतून सेंट जॉर्जच्या किल्ल्यावर चढावे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एनरिकिश याने हा किल्ला मूरांकडून जिंकला. तटावरून तांबड्या कौलांचा उतार आणि त्याखाली पसरलेली नदी दिसते, आणि बहुतेक प्रवासी तेवढ्यासाठीच येथे येतात. मी आलो तो एका बुरुजासाठी. राज्याचे दप्तर, ज्याला तोरे दो तोम्बो म्हणतात, ते शतकानुशतके या बुरुजात होते. भूकंपात बुरूज ढासळला तेव्हा दप्तराचा प्रमुख मानुएल द माया हा ७८ वर्षांचा वृद्ध होता. त्याने ढिगाऱ्याखालून कागद काढविले, किल्ल्याच्या पटांगणात लाकडी खोपटी उभारून ते सुरक्षित ठेविले, आणि राज्याचा मुख्य अभियंता या नात्याने नवनगराच्या आराखड्याचा विचारही त्यानेच मांडला. माझ्या लेखी लिस्बनचा खरा वीर हा आहे. त्याची समाधी जेरोनिमोसच्या दारी असती तर मला अधिक समाधान वाटते.

ते दप्तर आता विद्यापीठाच्या परिसरात, १९९० पासून स्वतःच्या इमारतीत आहे. गोव्याचा व्हाइसरॉय आणि लिस्बनचा राजा यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर ये-जा केलेल्या पत्रांचे खंड अठराव्या शतकात गोव्याहून येथे आणले गेले. उरलेले पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. शिवाय बेलेमच्या वाटेवर समुद्रपार प्रदेशांचा निराळा दप्तरखाना आहे, त्यात भारतासंबंधीच्या कागदांच्या पेट्याच्या पेट्या आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणण्यासाठी सारे आयुष्य वेचले. त्यांच्या मार्गाने जाणारे थोडेच निघाले. कारण उघड आहे: ती भाषा आपण शिकत नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकविली जाते. ज्या मराठी तरुणांना आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची ओढ आहे त्यांनी ती शिकून घ्यावी आणि ते कागद वाचावयास लिस्बनला जावे.