बेडूक, मटकी आणि लॅमिंग्टन रोड

मुलांनो, मुंबईला गेलात की तुम्ही काय काय पाहता? राणीची बाग, तारांगण, गेटवे ऑफ इंडिया आणि वेळ उरलाच तर चौपाटीवरची भेळ! आज मी तुम्हाला अशा एका रस्त्यावर नेणार आहे, जो कुठल्याच सहलीच्या यादीत नसतो. तिथे बाग नाही की समुद्र नाही. बसायला धड बाकडंसुद्धा नाही. पण संगणकाचं वेड असलेल्या मुलाला तिथे सोडा, संध्याकाळपर्यंत तो जेवायचंही नाव काढणार नाही. माझ्या भाच्याचं अगदी असंच झालं.

पण मी, एक प्राथमिक शाळेतली बाई, तिथे कशाला गेले? त्याचं कारण आहे एक बेडूक.

मी कर्जतजवळच्या एका खेड्यात शिकवते. २०२३ साली माझ्या चौथीच्या मुलांनी एक सिनेमा करायचं ठरवलं. गोष्ट त्यांचीच. उन्हाने हैराण झालेला एक बेडूक सावली शोधत फिरतो, त्याला कुठेच सावली मिळत नाही. मग तो मटकीचा एक दाणा पेरतो आणि रोप मोठं व्हायची वाट बघत बसतो. बेडूक शाडूच्या मातीचा आणि मटकी मात्र खरीखुरी! बेडकाचा पाय जरासा हलवायचा, फोटो काढायचा. पुन्हा जरासा हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो भराभर दाखवले की पडद्यावर एक सेकंद होतो. आता करा बरं हिशेब! तीन मिनिटांच्या सिनेमाला किती फोटो लागतील? दोन हजार एकशे साठ. आमच्या मुलांनी ते सगळे काढले. कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्या गावातल्या दादाचा, तोही लग्न नसेल त्या दिवशीच मिळायचा. शाडू वाळून बेडकाला भेगा पडायच्या. आम्ही पाणी लावून त्या बुजवायचो. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, राहू द्या ना भेगा. उन्हानं पडल्यात असं वाटतंय." राहू दिल्या.

फोटो झाले. आता ते एकामागून एक जोडायचे, रंग सारखे करायचे, बेडकाचा आवाज भरायचा. हे काम माझ्या घरच्या संगणकावर. २०१७ साली सुटे भाग जुळवून घेतलेला तो डेस्कटॉप पत्रं टाइप करायला आणि प्रश्नपत्रिका काढायला उत्तम होता. पण बेडकाने त्याला घाम फोडला! एक फोटो उघडला की दोन मिनिटं पडदा गोठलेला. जोडलेला सिनेमा बाहेर काढायला रात्री लावून झोपले, तर पहाटे लाइट गेली आणि सगळं पाण्यात. आमच्या शाळेत चौथीपुढे वर्ग नाहीत. निकालाच्या दिवशी दाखले घेऊन मुलं चार वेगवेगळ्या शाळांना पांगणार होती. त्यांनी केलेला सिनेमा त्यांना एकत्र बसून बघायला मिळणार की नाही, असा प्रश्न होता. हातात होते पंधरा दिवस.

मी अठरा हजार रुपये बाजूला ठेवले होते. माझा नववीतला भाचा म्हणाला, "मावशी, नवीन ग्राफिक्स कार्ड घे. मोठं, तीन पंखेवालं. मग बघ!"

मग काय, सकाळची शाळा सुटल्यावर एका शनिवारी आम्ही दोघं कर्जतहून निघालो. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल धरली. स्लोच धरायची बरं का, ती ग्रँट रोडला नक्की थांबते! पूर्वेला उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनवरून हे नाव पडलं. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रिक्षावाला असो की दुकानदार, सगळे जुन्याच नावाने ओळखतात. (रिक्षावाला म्हणाले खरी, पण तिथे रिक्षा नसतात, टॅक्सी असतात. आम्हा गावाकडच्यांच्या तोंडात रिक्षाच बसलेली!)

रस्ता कसला, सुट्या भागांची जत्राच ती. एका दुकानात नुसत्या वायरी, एकात नुसते पंखे. जिन्याखालच्या हातभर जागेत बसून एक माणूस सोल्डरिंग करत होता. राळेचा तो वास तुम्ही कधी घेतलाय का? पूर्वी लोक इथे रेडिओ आणि टेपरेकॉर्डरचे भाग शोधत यायचे. मग टीव्हीचे आले, मग संगणकाचे. आता कॅमेरे आणि मोबाइलचीही दुकानं झाली आहेत. नवी वस्तू आली की रस्ता तिला पोटात घेतो, पण जुनीलाही लगेच टाकत नाही. ट्रान्झिस्टर हवा असेल तर आजही मिळतो.

आणि हा रस्ता सिनेमाचाही आहे! मिनर्व्हा थिएटर इथलंच. १९७५ च्या १५ ऑगस्टला तिथे लागलेला 'शोले' पाच वर्षांहून जास्त चालला. आता ते थिएटर नाही. नाझ सिनेमाच्या आवारात चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या असत. पण मला तिथे आठवत होते दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' पहिल्यांदा निमंत्रितांना दाखवला गेला तो २१ एप्रिल १९१३ ला, ग्रँट रोडवरच्या ऑलिंपिया थिएटरात. त्याआधी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली इंग्लंड गाठलं होतं आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. पुढे पैसे उभे करायचे, तर लोकांची खात्री पटायला हवी. म्हणून त्यांनी काय केलं असेल? कुंडीत वाटाणा पेरला आणि उगवणाऱ्या रोपाची थोडी थोडी चित्रं टिपत त्याची छोटी फिल्म केली. ती पडद्यावर बघताना बीमधून रोप झरझर वर येताना दिसे. आमच्या मटकीची कल्पना मुलांना तिथूनच सुचली, कारण ही गोष्ट मी त्यांना वर्गात सांगितली होती.

मी हे सगळं भाच्याला सांगत होते आणि त्याचं लक्ष होतं काचेमागच्या दिव्यांकडे. निळे, जांभळे, हिरवे दिवे लावलेले पंखे गरगर फिरत होते. पहिल्याच दुकानातल्या मुलाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ एक मोठं कार्ड काउंटरवर ठेवलं. "मॅडम, एडिटिंग ना? हेच घ्या." अठरा हजारांतला रुपयाही परत आला नसता. माझा हात पर्समध्ये गेलाही होता. पण बाईमाणूस आम्ही, साडी घेतानासुद्धा चार दुकानं फिरतो!

तिसऱ्या दुकानात चष्मा लावलेले एक वयस्कर काका होते. त्यांनी काही विकायच्या आधी विचारलं, "बोर्ड कोणता?" नळाचा वॉशर आणायला जाताना आपण जुना वॉशर बरोबर नेतो ना? तसंच आहे हे. मी मदरबोर्डचा नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता. काका खूश झाले. मग म्हणाले, "काम अडतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघितला का?"

भाच्याने आदल्या दिवशी त्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला होता. ते बघून काका हसले. "हे बघा ताई. मेमरी भरलीये, डिस्क धापा टाकतीये आणि प्रोसेसर बसून आहे बिचारा. ग्राफिक्स कार्ड घेऊन काय करणार? रॅम घाला, एसएसडी घाला."

म्हणजे काय, ते तुम्हाला स्वयंपाकघरातून सांगते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी आई. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे माळा. काम करताना लागेल ते माळ्यावरून काढून ओट्यावर मांडायचं. ओटा छोटा असला की मांडलेलं पुन्हा माळ्यावर टाकावं लागतं आणि लागलं की पुन्हा शिडी लावून काढावं लागतं. आईचा हात कितीही भरभर चालो, ती शिडीवरच! माझ्या संगणकाचा ओटा होता आठ जीबीचा. हार्ड डिस्कमध्ये गोल फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर सरकणारा हात हवी ती माहिती शोधतो. त्यात वेळ जातो. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं, सगळी माहिती चिपांमध्ये. आमच्या बोर्डाला चालणारी साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क शंभर-दीडशेला दमते.

भाच्याचा चेहरा पडला. काका म्हणाले, "दोस्त, थ्रीडी करशील तेव्हा कार्ड घे. तेव्हा त्याला तोड नाही. पण तुझ्या मावशीचे आहेत फोटो." आणि मग त्यांनी विचारलं, "ताई, सिनेमा दाखवणार कशावर?"

"शाळेच्या टीव्हीवर. फुल एचडी आहे."

"मग फोटो एवढे मोठे कशाला ठेवलेत?"

मी गप्पच झाले. कॅमेऱ्यातला एकेक फोटो सहा हजार ठिपके रुंद आणि चार हजार उंच होता. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके! प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट, म्हणून डिस्कवर सात-आठ एमबीचा दिसणारा फोटो उघडला की रॅममध्ये बहात्तर एमबी जागा खातो. आणि टीव्हीवर ठिपके मावतात किती? १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. साडेअकरा पट ओझं आम्ही उगाच वाहत होतो. "आधी सगळे फोटो लहान करून त्याची वेगळी प्रत काढा. त्याला पैसे लागत नाहीत," काका म्हणाले. चौथीला गुणाकार मी शिकवते, आणि हा साधा गुणाकार मला सुचला नव्हता!

आठ जीबीची आणखी एक रॅमची पट्टी आणि पाचशे जीबीची एसएसडी. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आत झालं. हा त्या वर्षीचा भाव हं! या भागांचे भाव कांद्यासारखे खालीवर होतात. २०२५ च्या शेवटी रॅम अशी काही भडकली, की मी वेळेत घेतली म्हणायचं. काकांनी डब्यावरचा अनुक्रमांक बिलावर लिहून दिला. वॉरंटी लागली तर तोच दाखवावा लागतो. तुम्ही गेलात तर बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका, आणि रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.

घरी आल्यावर खोका मी उघडला आणि रॅम भाच्याने बसवली. आधी प्लग काढला. मग खोक्याच्या लोखंडाला हात लावला, कारण अंगावरच्या स्थिर विजेने चिप बिघडू शकते. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती जागेवर बसली तरच पट्टी आत जाते. डीडीआर थ्रीची खाच वेगळ्या जागी, फोरची वेगळ्या, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर 'टक' असा आवाज झाला, तेव्हा त्याचा राग थोडा निवळला. आत मात्र सहा वर्षांची धूळ! पंख्याची पाती दिसतही नव्हती. रंगाच्या ब्रशने ती झाडण्यात अर्धा तास गेला. जुनी हार्ड डिस्क तशीच राहू दिली. आता तिच्यावर फोटोंच्या जादा प्रती असतात. उरलेल्या पैशातून कर्जतलाच यूपीएस घेतला. मुंबईहून ते धूड कोण वाहून आणणार? आणि पहाटेच्या लाइटवर माझा विश्वास उरला नव्हता.

त्या रात्री सिनेमा चहा होईस्तोवर बाहेर आला असं मी म्हणणार नाही. पण झोपायच्या आधी आला.

निकालाच्या दिवशी दाखले वाटायच्या आधी खिडक्यांना चटया लावून वर्गात अंधार केला. बेडूक आला, भेगा पडलेला. मटकीला मोड आला, त्याला दोन पानं फुटली, आणि बेडूक खाली जाऊन बसला. तीन मिनिटं. एका मुलाने सगळ्यांत आधी ओरडून सांगितलं, "तो हात माझाय!" एका फोटोत त्याचं बोट चुकून राहून गेलं होतं. ते बोट आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. चार वेळा सिनेमा लावला, चारही वेळा सगळे त्या बोटाची वाट बघत होते.

भाच्याने मात्र कार्डाचा नाद सोडलेला नाही. तो आता ब्लेंडर शिकतोय. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात केलेल्या 'फ्लो' या लॅट्वियाच्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळालं आणि त्याची अखेरची चित्रं दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर तयार झाली, हे त्याने मला निदान दहा वेळा ऐकवलंय. परवा फोन आला, "मावशी, तुझ्या संगणकाचा एसएमपीएस किती वॅटचा आहे गं? नाही, नुसतं विचारतोय."