घाटमाथ्यावरचा थांबा

मराठीत ‘घाट’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो. नाशिकला गोदावरीच्या पायऱ्यांना आपण घाट म्हणतो आणि तेथून सुमारे ५० किलोमीटरवर, इगतपुरीला, सह्याद्री उतरणाऱ्या वाटेलाही घाटच म्हणतो. एक घाट पाण्यापर्यंत नेतो, दुसरा कोकणापर्यंत. भाषेच्या अभ्यासकाला इगतपुरीची ओढ वाटावी ती येथूनच. कारण हे गाव आजच्या रूपात घडवले ते घाटाने.

१८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. १८६१ मध्ये ती कसाऱ्याला पोहोचली. पुढचे सुमारे १५ किलोमीटर चढून इगतपुरी गाठावयास मात्र १८६५ साल उजाडले. ३७ फुटांमागे १ फूट अशी ती चढण. कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या बोलीत ती ‘बँकर’. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे, म्हणून गावालगतच्या तलावाचे पाणी स्थानकाला पुरवले जाई. तळ्याकाठी आज सहज फेरफटका मारणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, की या पाण्यावर कधीकाळी यंत्रांची तहान भागत होती.

१९३० मध्ये विजेची इंजिने इगतपुरीपर्यंत आली. पुढे भुसावळच्या बाजूलाही वीज आली, पण ती वेगळ्या प्रवाहाची. त्यामुळे इंजिन बदलण्याची जागा इगतपुरीच राहिली. प्रवाशांना त्या खोळंब्यात चहा मिळे आणि गावाला रोजगार. एकविसाव्या शतकात मुंबईकडील प्रवाहही बदलला आणि इंजिन बदलण्याचे ते जुने कारण उरले नाही. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी आता घाट न पाहताच घाट उतरतात.

वेग वाढला, हे चांगलेच झाले. परंतु ‘दळणवळण’ या शब्दात जाणे आणि येणे दोन्ही गृहीत असते. वाटेतल्या माणसाला त्यात चढता-उतरता आले पाहिजे. माझ्या वर्गात इगतपुरी तालुक्यातून रोज गाडीने येणारे विद्यार्थी आहेत. कोणती गाडी किती वेगाने धावते, हे त्यांच्या दृष्टीने गौण. ती इगतपुरीला थांबते का, हा त्यांचा प्रश्न. शेवटच्या तासाला त्यांचे डोळे घड्याळाकडे वळतात, ते कंटाळ्याने नव्हे. एक थांबा रद्द होणे म्हणजे कुणाचे तरी शिक्षण अर्ध्यावर राहणे, हे वेळापत्रकाच्या रकान्यांत दिसत नाही.

याच गावात १९७६ पासून धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरे भरतात. देशोदेशींची माणसे तेथे दहा दिवस मौन पाळतात. एकेकाळी चढणीने थकलेली इंजिने जेथे विसावत, तेथे आता धावून थकलेली माणसे येतात. गावाचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात : तेथून काय गेले आणि तेथे काय थांबले. गावाची ओळख बहुधा दुसऱ्या गोष्टीने ठरते.